ऊस वाटेत कोठे थांबतो?

दिवाळीचा फराळ आटोपून थंडी पडू लागली की साताऱ्याहून कऱ्हाडास आणि कऱ्हाडाहून सांगलीस जाणाऱ्या रस्त्यांवर एक निराळीच वर्दळ सुरू होते. काठोकाठ ऊस भरलेल्या बैलगाड्या, दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामागे कर्णे वाजवीत खोळंबलेल्या मोटारी, असा हा देखावा फाल्गुनाच्या सुमारापर्यंत टिकतो. मोटारीतील शहरी मंडळी या अडवणुकीने त्रासतात. उलटपक्षी, साखर कारखान्याच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंत पोहोचलेली वाहनांची रांग पाहून गावातील एखादा जुना गृहस्थ संतोषाने मान हालवितो. ऊस उदंड आहे आणि कारखाना जोरात चालला आहे, असा त्या रांगेचा अर्थ तो लावतो. वस्तुतः त्या रांगेत उभी असलेली साखर घटकाघटकेने कमी होत असते; आणि ती कशी व कोणाची कमी होते हे शोधून काढण्याची जी एक रीत आहे, तिच्याविषयी आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम 'उतारा' या शब्दाचा अर्थ ध्यानी घ्यावयास हवा. शंभर किलो उसातून जितके किलो साखर पोत्यात पडते, तो त्या उसाचा उतारा. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या खोऱ्यांची या बाबतीत देशभर ख्याती आहे. उतारा साडेअकरा-बारापर्यंत जाणे या भागात नवलाचे मानीत नाहीत. आता हा उतारा केवळ एक-दशांश टक्क्याने घसरला असे समजू. टनामागे एक किलो साखर गेली. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. परंतु दिवसाकाठी ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात ती रोजची ५० क्विंटल होते. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा रास्त व किफायतशीर दर ठरविला, आणि त्यावरील प्रत्येक एक-दशांश टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे अधिक. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे झाले. चाळीस टन ऊस घालणाऱ्या कुटुंबाचे त्यात १,३८४ रुपये गेले. शिवाय उतारा धरावयाचा तो साऱ्या कारखान्याचा, सरासरीने. तेव्हा एकाच्या उसाची हेळसांड झाली तर ज्याने ताजा रसरशीत ऊस घातला त्यालाही तिची झळ लागते.

समजा, अशा एखाद्या कारखान्यात ऐन जानेवारीत, जेव्हा थंडीमुळे उतारा चढावयास हवा तेव्हाच, तो चढेनासा झाला. मग सभा भरते. मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणतो, रस आला तोच हलका. आला तसा शिजविला. शेतकी अधिकारी नोंदवही पुढे करतो. लागणीच्या तारखा पाहा, ऊस पक्व होता, क्रमाने तोड दिली. दोष असलाच तर तो चरकांत आहे, रस चिपाडावाटे निघून जातो. यंत्रविभागाचा प्रमुख सांगतो की उसाबरोबर पाचट आणि माती येते, कधी कधी तर गव्हाणीत ऊसच नसतो आणि चालती मिल थांबवावी लागते. प्रत्येकाजवळ वही असते आणि प्रत्येकाची वही बरोबर असते. अशा सभेचा शेवट बहुधा कोणास तरी ताकीद देण्यात होतो, आणि पुढच्या आठवड्यात उतारा होता तेथेच राहतो.

याचे कारण असे की या वह्या कामाच्या ठिकाणांच्या आहेत. ऊस ज्या वाटेने येतो त्या वाटेची वही कोणाजवळच नसते. पूर्वी ती लागत नसे. गुऱ्हाळाच्या दिवसांत सकाळी तोडलेला ऊस त्याच रानातल्या चरकात घातला जाई आणि गुळव्या काहिलीशी उभा राहून त्याचा रस पाही. ऊस शिळा झाला तर मालकास ते त्याच दिवशी उमगे, कारण फडापासून ढेपेपर्यंतची सारी वाट त्याच्या डोळ्यांसमोर असे. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेपासून देशी साखरेस संरक्षण देणारा कायदा केला. त्यानंतर तेव्हाच्या फलटण संस्थानात साखरवाडीसारखे कारखाने उभे राहिले, आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांनी सातारा-सांगलीचा नदीकाठ भरून गेला. या कारखान्यांनी शेतकऱ्याच्या घरी जे वैभव आणले ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांच्यायोगे ती एक वाट अनेक खात्यांत वाटली गेली, आणि दोन खात्यांच्या मधला जो तुकडा, तो कोणाच्याच मालकीचा उरला नाही.

या मधल्या तुकड्यांकडे पद्धतशीरपणे लक्ष वेधण्याचे श्रेय बऱ्याच अंशी फ्रँक गिल्ब्रेथ या अमेरिकन गृहस्थास दिले पाहिजे. तरुणपणी तो गवंडीकाम करीत असे. वीट रचताना गवंडी अठरा हालचाली करतो, त्यांपैकी बहुतेक निष्कारण आहेत, हे त्याने नुसते पाहून ओळखले आणि त्या पाचांवर आणल्या. पुढे १९२१ साली त्याने व त्याची विदुषी पत्नी लिलियन हिने अमेरिकेतील यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे कामाचा नकाशा काढण्याची एक रीत मांडली. माणसापेक्षा वस्तूचा पिच्छा पुरवावयाचा, हे तिचे मर्म. वस्तूवर काम झाले की एक खूण, ती हलली की दुसरी, तपासली गेली की तिसरी. १९४७ साली त्या संस्थेने पाच खुणा ठरवून दिल्या, आणि त्यांत नुसत्या खोळंब्यासही स्वतःची खूण मिळाली. ही गोष्ट दिसते त्याहून मोठी आहे. ज्या गोष्टीस खूण नाही ती कागदावर येत नाही, आणि जी कागदावर येत नाही तिच्याविषयी सभेत कोणी बोलत नाही.

तेव्हा आता कागद घेऊन एका मोळीबरोबर फडातून निघावे. पुढे दिलेले तास उदाहरणादाखल आहेत. परंतु ऊसपट्ट्यात राहणाऱ्या कोणासही ते अनोळखी वाटणार नाहीत.

सोमवारी संध्याकाळी कारखान्याचा चिटबॉय मुकादमाच्या हाती तोडचिठ्ठी देतो. मंगळवारी पहाटे टोळी फडावर पोहोचते. बीडकडून आणि तशाच अन्य दुष्काळी भागांतून आलेली ही जोडपी असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' अशी त्यांची गणना होते. सकाळी सहाच्या सुमारास कोयत्याचा पहिला घाव बसतो आणि त्या क्षणापासून उसाचे घड्याळ सुरू होते. उभा ऊस जमिनीतून पाणी घेत असतो. तोडलेला ऊस ते नुसते गमावू लागतो. त्याहून वाईट असे की उसातच असलेला एक किण्वक पदार्थ त्याच्या साखरेचे द्राक्षशर्करा व फलशर्करा यांत विभाजन करू लागतो. चवीला या दोन्ही गोड; पण त्यांचे स्फटिक धरत नाहीत आणि त्या मळीत निघून जातात. शिवाय तोडलेल्या तोंडातून सूक्ष्म जंतू आत शिरतात आणि रसात एक चिकट द्रव्य तयार करतात. त्यायोगे रस गाळणे कठीण होते आणि साखरेचा दाणाही लांबट, बेढब पडतो. म्हणून ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळला जावा असा जाणत्यांचा सल्ला असतो, आणि हा सल्ला प्रत्येक कारखान्यातील प्रत्येक अधिकाऱ्यास पाठ असतो.

मोळी बांधून झाली. वाढे निराळे काढले गेले, पाचट सरीत पडले. ट्रॉली बांधावर उभी आहे. परंतु ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडावयाच्या असतात आणि दोन्ही भरल्यावाचून तो हलत नाही. मंगळवारी सायंकाळी पहिली ट्रॉली भरली. दुसरी बुधवारी दुपारी भरली. एवढ्यात शेजाऱ्याने आपल्या रानास पाणी सोडले होते, त्यामुळे पाणंद चिखलाने भरली. दुसरा ट्रॅक्टर आणून ओढ काढावी लागली. दुपारचे तीन वाजले. रस्त्यावर तीन तास गेले आणि सहा वाजता फाटकापाशी नंबर मिळाला. रात्री मिल काही तास बंद होती. गुरुवारी सकाळी दहाला नंबर लागला, गाडी काट्यावर चढली आणि मोळी गव्हाणीत पडली.

या प्रवासाचा हिशेब मांडला तर पहिल्या घावापासून गव्हाणीपर्यंत बावन्न तास झाले. त्यांत रस्त्यावरचे तीन. उसास प्रत्यक्ष हात लागला असा वेळ फार तर दोन तासांचा. उरलेले सत्तेचाळीस तास ऊस नुसता पडून होता. आणि श्रोत्यांनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा हा की, फाटकाबाहेरच्या ज्या रांगेकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात तिच्यात सोळाच तास गेले. रानातल्या रानात, जेथे कोणी पाहावयास नव्हते तेथे, तेहतीस गेले. रस्त्यावर दिसते ते रांगेचे शेपूट. तिचे तोंड बांधाशी असते.

कारखान्याच्या वहीत हे का उमटत नाही? कारण वहीचे घड्याळ सामान्यतः फाटकाशी सुरू होते. चिठ्ठीवर तारीख असते, पण ती चिठ्ठी दिल्याची. कोयता कोणत्या प्रहरी चालला हे तिच्यावर लिहिण्याची वहिवाट सर्वत्र नाही. त्यामुळे वही सांगते की आलेला ऊस सोळा तासांत गाळला, म्हणजे नियमाच्या आतच. वही खोटे बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्नच अपुरा आहे.

काट्याच्या जागेचाही विचार केला पाहिजे. बहुतेक ठिकाणी गाडी रांगेत उभी राहून नंबर लागल्यावर मग काट्यावर चढते. म्हणजे खोळंब्याच्या काळात जे पाणी उडून गेले ते वजनात भरत नाही. शेतकऱ्यास पैसे टनावर, तोडणी कामगारास मजुरी टनावर, वाहतूकदारास भाडे टनावर. उन्हात वाळलेल्या उसाचा तोटा तिघांनी मिळून सोसावयाचा. कारखान्यास वजनापुरता हा तोटा जाणवत नाही. त्याची साखर मात्र जाते, आणि ती गेल्याचे कित्येक दिवसांनी सरासरी उताऱ्याच्या आकड्यात, सगळ्यांच्यात मिसळून दिसते. कोणाच्या दुर्लक्षाने कोणाचे किती गेले हे मग ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. नुकसान एकाच्या अंगावर स्वच्छ पडते तेव्हा तो ओरडतो. थोडे थोडे सगळ्यांवर पडले की ते निसर्गाची करणी ठरते.

नकाशा येथपर्यंत आला म्हणजे 'कोठे' याचे उत्तर मिळते. 'का' याचे उत्तर एक पायरी मागे जाऊन चिठ्ठीपाशी शोधावे लागते. एका दिवसात मिल जितका ऊस गाळते तितक्याच उसाच्या चिठ्ठ्या निघाव्यात हे उघड आहे. तथापि चिठ्ठी दिली म्हणून ऊस येतोच असे नाही. एखादी टोळी आजारी पडते, एखादा ट्रॅक्टर रुततो. गव्हाण रिकामी पडून मिल थांबली तर शेतकी खात्यास त्याच दिवशी जाब द्यावा लागतो. आवारात दोन दिवसांचा ऊस साचला तर मात्र कोणी काही विचारीत नाही, उलट पुरवठा चोख असल्याची शाबासकी मिळते. अशा स्थितीत गट ऑफिसातला शहाणा मनुष्य काय करील? चार चिठ्ठ्या जास्तच फाडील. त्याच्या जागी कोणीही तेच करील. यंत्रविभागावर मिल चालू ठेवण्याची जबाबदारी, रसायनतज्ज्ञावर उताऱ्याची. तिघेही आपापले काम नीट करतात आणि तिघांच्या नीट कामातून तो सत्तेचाळीस तासांचा खोळंबा जन्मास येतो. ताकीद द्यावयाची कोणास? आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात. येथे तर दळणारे सगळे डोळस आहेत.

या दृष्टीने आणखी एक विसंगती मनात सलते. फलटण तालुक्यातील पाडेगावी १९३२ साली स्थापन झालेल्या केंद्रात उसाच्या जातींवर पिढ्यान्‌पिढ्या संशोधन चालले आहे. तेथून १९९६ साली शेतकऱ्यांच्या हाती आलेल्या 'को ८६०३२' या जातीने पुढे महाराष्ट्रातील मोठे क्षेत्र व्यापले. उसात एखादा दशांश साखर वाढावी म्हणून विद्वानांनी वर्षे घालवावी, शेतकऱ्याने आडसालीस सोळा-सतरा महिने पाणी पाजावे, आणि ती कमाई पाणंदीतल्या चिखलाने व एका न भरलेल्या ट्रॉलीने दोन दिवसांत गिळावी!

असा नकाशा कचेरीत बसून काढता येत नाही. नियमपुस्तकावरून काढलेला नकाशा ऊस कसा यावयास हवा ते सांगतो, आणि तसा तो येत नाही म्हणूनच तर हा खटाटोप. अधिकारी जीपमधून उतरला की फडातले काम दोन घटका नियमाप्रमाणे चालते, हे सर्वविश्रुत आहे. म्हणून पुष्कळ दिवस, गुपचूप आणि मुख्य म्हणजे दोषी धरण्याचा हेतू नसल्याची खात्री देऊन ही वाट चालावी लागते. मग जे कोणत्याही वहीत नाही तेही बाहेर पडते. तोड लवकर मिळावी म्हणून शेतकऱ्याने टोळीस दिलेली 'खुशाली' आणि चालकाच्या हाती ठेवलेली 'एन्ट्री' यांची चर्चा ऊसपट्ट्यात चावडीवर उघड चालते. कागदावर ती नसते. नीतीच्या दृष्टीने तिचा निषेध करणे सोपे आहे. नकाशा काढणाऱ्याने एवढेच टिपावे की क्रम पैशाने बदलतो, आणि त्यामुळे पिकलेला ऊस उभा राहून कोवळा आधी तुटतो.

उपाय बहुतेक स्वस्तातले निघतात. चिठ्ठीवर तोडीचा तास लिहिणे. हल्ली नोंदी मोबाइलवर होत असल्याने यास शाईही लागत नाही. फडातले सारे कोयते आधी एकाच ट्रॉलीवर लावणे आणि दुसरीची तोड तिच्यानंतरच धरणे. चिठ्ठी देण्यापूर्वी पाणंद पाहून येणे. दिवसाच्या चिठ्ठ्या एकदम न देता प्रहराप्रहराने देणे. याउलट यंत्राने तोडणी केली की प्रश्न मिटला, अशी जी समजूत आढळते ती मात्र तपासून घ्यावी. यंत्र उसाचे तुकडे करते, तुकडा तितकी तोंडे वाढतात, आणि यंत्राने तोडलेला ऊस अखंड उसापेक्षा लवकर बिघडतो. आग लावून पाचट जाळलेल्या उसाचेही तसेच. ज्या वाटेवर हाताने तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहतो तीच वाट कायम ठेवून तिच्यावर यंत्र आणले तर तोटा वाढेल.

एक उपाय मात्र फुकटचा नाही, आणि त्याबद्दल सभांतून फारसे बोलले जात नाही. मिल बंद पडली की तासाभरात फडावर निरोप जावा आणि कोयता थांबावा, हे शास्त्राला धरून आहे. परंतु कोयता थांबला की त्या जोडप्याची मजुरीही थांबते. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामात फेडावयाची असते, पोरे कोपीवर असतात, आणि बैलगाडीवाला तर आवारात रात्र काढतो तीही बिनपगारीच. ज्यास थांबल्याने उपास घडतो त्याने साखरेसाठी थांबावे ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची? रोजची ५० क्विंटल साखर वाचत असेल तर तिच्या मोलातून खोळंब्याच्या तासांचा काही मोबदला फडापर्यंत पोहोचविणे अशक्य नसावे. तोपर्यंत निरोप जाईल आणि तोड चालूच राहील, व त्यात टोळीचा काही अपराध असणार नाही.

नकाशा एकदा काढून भिंतीवर लावल्याने भागत नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे. जानेवारीच्या थंडीत काढलेले तास मार्चमध्ये लागू पडत नाहीत. ऊन चढते, पाणी वेगाने उडते, जंतूंची वाढ झपाट्याने होते, आणि जो सोळा तासांचा खोळंबा हिवाळ्यात कसाबसा निभावला तोच आता महाग पडतो. टोळ्याही तोवर थकलेल्या असतात आणि काही गावाकडे परतू लागतात. म्हणून हंगामाच्या शेवटच्या महिन्यात कागद घेऊन पुन्हा एकदा पहिल्या घावापासून, त्याच पाणंदीने, निघावे लागते.